डाव्या काठाची चार बोटं

आप्पा, आज माझं घोंगडं मागावरून उतरलं. घोंगडं म्हणतेय खरी, पण आहे ते एवढंसं. पाटावर अंथरलं तर पाट झाकेल आणि दोन्हीकडून थोडं लोंबेल, बस्स. तरी सकाळपासून मी ते हातात घेऊन घरभर फिरतेय. खिडकीपाशी नेलं, दिव्याखाली धरलं, स्वयंपाकघरात ओट्यावर पसरलं, ओटा ओला निघाला म्हणून धावत उचललं. नवरा म्हणाला, "अगं, पोरगी झाली तेव्हा तिलापण इतकं मिरवत नव्हतीस." म्हणू दे. मागावरून काही उतरणं म्हणजे काय हे कळणारं माणूस मला आज हवं होतं आणि या घरात ते नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुम्ही असतात तर हे दादानं मोठ्यानं वाचून दाखवलं असतं, आणि तुम्ही धोटा फेकता फेकता, वर न बघता, नुसतं "हं" म्हणाला असतात. ते "हं" धरूनच लिहितेय.

मी कुठं असते ते आधी सांगते, कारण तुम्ही गेलात तेव्हा मी पुण्यात डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. आता अमेरिकेत ॲरिझोना राज्यात, चँडलर नावाच्या गावात. आपल्या माणदेशाला दुष्काळी म्हणून नावं ठेवणाऱ्यांनी एकदा इकडचा जून बघावा. दुपारी गाडीच्या दाराला हात लावला की चटका बसतो. माझं काम चिपचं लेआउट करायचं. चिप म्हणजे नखाएवढा तुकडा, पण पडद्यावर तो मोठा करून बघितला की नुसत्या लाल, हिरव्या, निळ्या, पिवळ्या पट्ट्या. आडव्या, उभ्या, एकावर एक. कुठली पट्टी कुठून न्यायची, कुठं वळवायची, दोघींत किती जागा सोडायची, हे दिवसभर करते. तुम्ही विचारलं असतंत, "म्हंजी नक्षी काढतीस?" आणि मी तेव्हा हसून नाही म्हटलं असतं. आज नाही म्हणणार नाही.

सगळं सुरू झालं दोन हजार चार सालच्या हिवाळ्यात. मुलीला शाळेत प्रोजेक्ट होता, या राज्यातल्या मूळच्या लोकांवर. म्हणून एका रविवारी तिला घेऊन फीनिक्समधल्या संग्रहालयात गेले. मनात एकच विचार, पटकन फोटो काढू, परतताना भाजी घेऊ. मडकी बघितली, टोपल्या बघितल्या, मग एका मोठ्या दालनात वळलो आणि मी जागीच थांबले. समोर पांढऱ्याशुभ्र भिंतीवर एक लोकरी कांबळं लटकत होतं, त्यावर वरून प्रकाश सोडलेला. लालभडक जमीन, आणि त्यावर काळे, पांढरे, केशरी, हिरवे कंगोरे एकात एक शिरलेले, मधल्या चौकटीपासून थेट काठापर्यंत नागमोडी पसरत गेलेले. डोळा कुठं ठरेचना. मुलगी म्हणाली, "आई, लुक, इट्स मूव्हिंग!" खरंच हलत होतं ते. मी दोन पावलं मागे गेले तर कंगोरे पुढे आले, पुढे गेले तर मागे सरले. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं की हे इथल्या नवाहो जमातीच्या बायकांनी शंभरावर वर्षांपूर्वी विणलेलं आहे. रेल्वेबरोबर गिरणीचं रंगीत लोकरी सूत आलं आणि त्या रंगांवर त्या तुटून पडल्या. शंभर वर्षं, आप्पा! आजच्या एखाद्या भारी ऑफिसच्या दर्शनी भिंतीवर लावलं तर कुणी म्हणेल, नवीन चित्रकार दिसतोय, काय धीट हात आहे. माझ्या अंगावर काटा आला. आणि पुढच्या क्षणी मला काय वाटलं माहीत आहे? हे घोंगडंच की! मेंढीची लोकर, हातानं विणलेली. आपल्याकडे पाऊस आला की डोक्यावर खोळ करून घेतो ते घोंगडं, इथं दिव्याखाली राजासारखं बसलंय आणि माणसं त्याच्यापुढं कुजबुजत बोलताहेत.

मग मी तुमच्यासारखं केलं. तुम्ही विणलेलं घोंगडं समोरून कधी बघायचा नाहीत. काठाकडून, एक डोळा मिटून, त्याच्या पाठीवरून नजर टाकायचात. मीही भिंतीला जवळजवळ गाल टेकवून बाजूनं बघितलं. दारावरच्या रखवालदाराची चुळबुळ सुरू झाली. "मॅम, प्लीज," तो म्हणाला. मुलगी लाजेनं अर्धी झाली, "आई, स्टॉप, एव्हरीवन इज लुकिंग!" पण मला दिसलं होतं. लाल जमिनीत एक अगदी पुसट तिरकी रेघ होती, समोरून कधी न दिसणारी. एका जागी बसून हात पोचेल तेवढं विणायचं, मग सरकून पुढचा भाग घ्यायचा, त्या दोन भागांचा तो सांधा. म्हणजे ती बाई इथं बसली होती, आणि मग इथं सरकून बसली. इंग्रजीत त्या रेघेला आळशी रेघ म्हणतात हे नंतर कळलं. कोणी व्यापाऱ्यानं ठेवलं असणार नाव. एवढं कांबळं विणणारीला आळशी म्हणायचं, मला भयंकर राग आला.

येताना त्याचं एक पोस्टकार्ड घेतलं आणि ऑफिसात माझ्या मॉनिटरच्या कडेला चिकटवलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या क्यूबमधला नागपूरचा मुलगा कॉफी घेऊन आला, ते चिपचंच लेआउट समजून वाकून बघत राहिला. "ताई, हा कोणता ब्लॉक आहे? कसलं डेन्स राउटिंग केलंय यार! कोणी केलं?" मी म्हटलं, "एका बाईनं. जमिनीवर बसून, कागदावर एक रेघही न काढता." त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. पण मी त्या दिवशी पडद्यावरच्या पट्ट्यांकडे आणि कार्डाकडे आलटून पालटून बघत होते, आणि मला राहून राहून आपल्या ओसरीवरचा मागाचा खड्डा आठवत होता.

खड्ड्यात पाय सोडून तुम्ही बसलेले आहात. आई भिंतीला टेकून लोकर कातते आहे. अंगणात उभे धागे लांबच्या लांब ताणलेले आहेत आणि तुम्ही आणि दादा कुंच्यानं त्यांना चिंचोक्याची खळ लावत पुढे सरकता आहात. सगळ्या गल्लीत तो आंबूस, भाजलेला वास. धुणं, पिंजणं, कातणं, चिंचोके भाजून फोडणं, खळ शिजवणं, हे सगळं बायकांचं. माग मात्र पुरुषांचा. मला कुणी तसं बसवून सांगितलं नव्हतं. चुलीला पाय लावायचा नाही हे जसं कळतं तसं ते कळलं होतं. आणि मला तर फक्त मागच हवा होता! धोटा या हातातून त्या हातात कसा जातो, फणीचा ठोका कसा बसतो, हे मी खांबाआडून इतकं बघितलं होतं की झोपेत माझे हात हलायचे असं आई सांगायची.

त्या दिवशी तुम्ही बाजारला गेला होतात. आई ओढ्यावर लोकर धुवायला. मी चौथीत असेन. खड्ड्यात उतरले, पाय कसेबसे पोचले, आणि विणायला लागले. काय आनंद होता तो! मध्येच काळ्यात पांढरा धागा घालून मी एक कंगोराही काढायला घेतला होता, कुणी शिकवला नसताना. चार बोटं विणून झालं आणि अंगणात तुमची सावली आली. तुम्ही ओरडला नाहीत. शेजारी बसलात, काठावरून अंगठा फिरवलात आणि म्हणालात, "लय खेचलंय." मग म्हणालात, "ऊठ तिथनं. पोरीचं काम न्हाई ते." आणि माझ्यादेखत सगळं उसवलंत. एकेक धागा, सावकाश, गुंडाळत गुंडाळत. मी खांबाला धरून उभी होते. रडले नाही, पण आप्पा, ती दोन वाक्यं मी पुण्याला नेली, तिथून इथं आणली. त्यातलं खरं कुठलं? वाकडं झालं म्हणून उसवलंत, की पोरीनं केलं म्हणून? वाकडं होतं तर ठीक, वाकडं सरळ करता येतं. पण पोरगी म्हणून असेल, तर मी कितीही सरळ विणलं असतं तरी उपयोग नव्हता. तुम्हाला विचारायचं धैर्य मला येईपर्यंत तुम्ही निघून गेलात.

गेल्या वर्षी कळलं की इथल्या एका कम्युनिटी सेंटरमध्ये दर शनिवारी नवाहो विणकाम शिकवतात. मी फोन ठेवायच्या आत नाव घातलं. शिकवणाऱ्या बाई साठीच्या, ठेंगण्या, मनगटात हिरवट-निळ्या खड्याचं जाड कडं. बोलतात कमी, चिमटे फार काढतात. त्या इंग्रजीत बोलतात, मी तुमच्यासाठी मराठीत लिहितेय. पहिल्याच दिवशी त्यांनी उभा माग समोर ठेवला. खड्डा नाही, पायाशी काही नाही, नुसती उभी चौकट आणि तिच्यापुढं मांडी घालून बसायचं. मी विचारलं, "तुमच्यात माग कोणाचा असतो?" त्यांना प्रश्नच कळेना. मग म्हणाल्या, "मला आजीनं शिकवलं, तिला तिच्या आईनं. माझा भाऊही विणतो. बरं विणतो, पुरुषाच्या मानानं." आप्पा, मला इतकं हसू आलं! तुमची फार आठवण आली त्या वेळी.

उभे धागे लावून चौकट घरी दिली होती. आणि मी काय केलं असेल? घोंगड्या विणणाऱ्या सनगराच्या पोरीनं जे करावं तेच. देशी दुकानातून बियांसकटची चिंच आणली, चिंचोके काढले, भाजले, फोडले, भिजत घातले, मिक्सरला लावले. मिक्सरनं जीव सोडला. खलबत्त्यात कुटले. खळ शिजवताना प्रमाण आठवेना म्हणून कॉलिंग कार्ड घेऊन गावी दादाला फोन केला. तो आधी दचकला, मग म्हणाला, "तितं चिंचोकं मिळत्यात व्हय? आन् तू काय विणतीस, हापिस सोडलं का काय?" पण प्रमाण सांगितलं. गॅरेजमध्ये चौकट उभी करून रंगाच्या ब्रशनं मी धाग्यांना झकास खळ लावली. घरभर आपल्या गल्लीचा वास सुटला. मुलगी नाक धरून खाली आली, "आई, व्हॉट डाइड?" बाहेर चँडलरचं ऊन. तासाभरात धागे वाळून पापडासारखे कडक झाले. मी इतकी खूश होते की शनिवारपर्यंत दम निघेना.

बाईंनी चौकटीकडे बघितलं. बोटानं एक धागा छेडला. चक्क वाजला तो. "हे विणायचं आहे की वाजवायचं?" त्या म्हणाल्या. सगळा वर्ग हसला. मग त्यांनी वास घेतला, बोटाला लागलेली पांढरी पूड बघितली आणि विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?" मी सांगितलं. माझे वडील, त्यांचा खड्ड्यातला माग, तिथं फणीच्या येण्याजाण्यानं उभे धागे घासून तुटतात म्हणून खळ लागते. त्या शांतपणे ऐकत होत्या. म्हणाल्या, "आमच्यात उभा धागा दिसतच नाही. आडव्या लोकरीनं त्याला पुरता झाकायचा. तो कडक असेल तर लोकर त्याच्यावर नीट बसायची नाही." आणि मग, "तुझे वडील इथं असते तर आमचं चांगलं भांडण झालं असतं." सगळे धागे काढून नवे लावावे लागले. पण त्या दिवसापासून वर्गात मी कोण आहे ते सगळ्यांना माहीत झालं: घोंगडीवाल्याची मुलगी. इतकं छान ओझं मी बऱ्याच वर्षांत वाहिलं नव्हतं.

विणायला लागल्यावर मात्र माझे हात झोपेतून जागे झाले. लाकडी पट्टी आडवी घालायची, ती उभी वळवली की धाग्यांमध्ये वाट होते, त्यातून लोकर न्यायची, फणीनं ठोकायची. रंग बदलायचा तिथं दोन धागे एकमेकांना मिठी घालून परत फिरतात, त्यामुळे मागची बाजूही पुढच्यासारखीच. कंगोरा चढत जातो तसतसा पोटात गुदगुल्या होतात. पडद्यावर मी चूक केली तर एक बटण दाबून मागे जाता येतं. इथं चूक हाताला लागते. चारेक आठवड्यांनी बाई माझ्यामागे येऊन थांबल्या. काठावरून अंगठा फिरवला. अगदी तसाच, आप्पा! मला तो अंगठा ओळखू आला. "फार ओढतेस," म्हणाल्या, आणि खाली बसून उसवायला लागल्या. एकेक धागा, सावकाश, गुंडाळत गुंडाळत.

मी चौथीतली झाले होते. शेजारी दोन बायका होत्या, त्यांच्या विणलेल्या पट्ट्या मधोमध इतक्या आत गेलेल्या की कमर बांधल्यासारख्या दिसत होत्या. त्यांना बाई "व्हेरी नाइस" म्हणून पुढे सरकल्या होत्या. मी चिडून म्हटलं, "त्यांचं नाही उसवलंत?" बाईंनी हात थांबवला नाही. "त्यांना काहीतरी घरी न्यायचं आहे," म्हणाल्या. "तुला विणायचं आहे. माझ्या आजीनं माझं किती उसवलं म्हणतेस. माझ्या धाकट्या बहिणीचं एकदाही नाही. ती आता बँकेत आहे." आणि उसवलेली लोकर माझ्या हातात दिली.

घरी येऊन मी परत दादाला फोन लावला. या वेळी प्रमाण नको होतं. म्हटलं, "दादा, तू माग शिकत होतास तेव्हा आप्पा तुझं उसवायचे का रे?" तो पलीकडे हसला. "माझं? छ्या! मी लय वाकडं विणायचो. आप्पा नुसतं बघायचं आन् म्हनायचं, ऱ्हाऊ दे, जा, गुरं सोड. बाजारात खालच्या भावात काढायचं ते. का गं?" मी म्हटलं, "काही नाही." फोन ठेवला आणि गॅरेजमध्ये जाऊन त्या चौकटीपुढं मांडी घालून बसले. मला मोठ्यानं हसावंसंही वाटत होतं आणि रडावंसंही, आणि मी दोन्ही केलं. मला ठाऊक आहे की मी मला हवं तेच ऐकतेय. लोकर फुकट जाऊ नये म्हणूनही उसवलं असेल तुम्ही. "पोरीचं काम न्हाई" हेही तुम्हीच म्हणालात, ते मी पुसत नाही, आणि त्याचा राग अजून आहे. पण वाकडं घोंगडं बाजारात चाललं असतं, दादाचं चालायचंच. माझं तुम्ही चालवून घेतलं नाहीत. माझ्या चार बोटांना तुम्ही खरं विणकाम समजलात. एवढं मी आता धरून ठेवणार आहे, आणि कुणाला सोडायला लावायचं असेल तर त्यानं येऊन भांडावं.

शेवटची दोन बोटं जीव खातात. या मागावर धागे कापायचे नसतात, चारही बाजूंना पक्का काठ येतो, त्यामुळे वरपर्यंत विणत गेलं की हात शिरायला जागाच उरत नाही. लाकडी पट्टी बाद, फणी बाद. बाईंनी पिशवीतून मोडक्या छत्रीची काडी काढून दिली. "आमच्यात सगळ्या हेच वापरतात," म्हणाल्या. छत्रीच्या काडीनं एकेक धागा उचलत, सुईनं लोकर ओवत मी काल रात्रीपर्यंत बसले होते, आणि आज सकाळी ते उतरलं. काळी जमीन, आपल्या मेंढ्यांसारखी. त्यात पांढरे आणि लाल कंगोरे, मधून बाहेर पसरत जाणारे. दिवाणखान्यात पांढऱ्या भिंतीवर टांगलं तर सगळी खोलीच बदलली. सोफा आणि टीव्ही एकदम जुने वाटायला लागले. समोरच्या घरातल्या पुण्याच्या काकू डबा परत द्यायला आल्या होत्या, त्या दारातच म्हणाल्या, "अगं बाई, केवढं मॉडर्न! कुठल्या स्टोअरमधून ऑर्डर केलंस?" मुलीनं मी काही बोलायच्या आत सांगून टाकलं, "शी मेड इट, काकू. हर डॅड वॉज अ वीव्हर." माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, "आजोबांचा फोटो आहे का गं कुठे?" फोटो नाही, आप्पा. तुम्ही कधी काढूनच घेतला नाहीत. मी तिला अंगठा दाखवला, काठावरून असा फिरवून. तिनंही फिरवून बघितला.

हे पत्र कुठं पाठवायचा प्रश्नच नाही. घडी घालून लोकरीच्या टोपलीत तळाशी ठेवीन. फक्त एक गोष्ट सांगायची राहिली. डाव्या काठाला, खालून वर येताना मध्यावर, चार बोटं अजून लय खेचलंय. समोरून कळत नाही, बाजूनं एक डोळा मिटून बघितलं की दिसतं. बाईंना दिसलं होतं, त्यांनी विचारलंही, "उसवू?" मी नको म्हटलं. ते तुम्ही उसवायचंय.